सहा राजीनामे आणि एक ‘स्टॉप’

लष्करात मी बावीस वर्षं काढली आणि तेवढ्या अवधीत सहा राजीनामे लिहिले. एकही दिला नाही. पण नुसता लेखनाचा सराव म्हणून पाहिलं तर आकडा वाईट नाही. आमच्या तोफखान्यात अशी माणसं होती, ज्यांनी बावीस वर्षांत बायकोलासुद्धा सहा पत्रं लिहिली नव्हती.

हे आज आठवायचं कारण माझा मामेभाऊ दिलीप. दिंडोरीला त्याची द्राक्षबाग आहे. छाटणी चालू होती, मजूर बाया भाकरी खायला बसल्या होत्या आणि आम्ही दोघं बांधावर चहा पीत होतो. दिलीप मोबाइलवर बातम्या बघत होता. परदेशातल्या कुठल्याशा जनरलने सरकारचा हुकूम पटला नाही म्हणून पद सोडलं होतं.

“मेजर, हे बरंय,” दिलीप म्हणाला. मी लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालो, पण आमच्या गोतावळ्यात मेजरच्या वर थेट परमेश्वरच असतो. “पटलं नाय, फेकला राजीनामा! तुमच्यात फेकतं का कोणी?”

“मी सहा वेळा फेकलाय.”

“काय सांगतो! कुठं?”

“केराच्या टोपलीत.”

दिलीप हसला नाही. त्याच्या मते माणूस एक तर वाघ असतो, नाहीतर शेळी. “मग चुकीचा हुकूम आला की तुम्ही करता काय? मुंडी हलवायची?”

मी विषय द्राक्षांवरच्या करपा रोगावर नेला. द्राक्षवाल्याला करप्याबद्दल विचारलं की तो बाकी सगळं विसरतो. त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी होतं, पण त्या उत्तरात मी फारसा शोभत नाही, आणि नातेवाइकांत आपली थोडीफार तरी पत राहावी असं वाटतं. तुम्ही माझे नातेवाईक नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

आधी राजीनाम्यांविषयी. पहिला मी लेफ्टनंट असताना लिहिला, कारण मला मेसचा सेक्रेटरी केलं होतं. ज्याला घरी वरणाला फोडणी देता येत नाही त्याच्यावर चाळीस अधिकाऱ्यांच्या जेवणाची जबाबदारी! तो राजीनामा इंग्रजीत होता, तीन पानी, आणि त्यात ‘आत्मसन्मान’ हा शब्द चारदा आला होता. तिसरा झेंडूच्या फुलांवरून. मोठ्या साहेबांची तपासणी होती, आणि ऑफिससमोरच्या वाफ्यांत झेंडू फुललेला दिसला पाहिजे असा हुकूम निघाला. रोपं नुसती हिरवी होती, कळीचा पत्ता नाही. मी भडकलो. जवानांनी देशाचं रक्षण करायचं की फुलं फुलवायची? रागारागात राजीनामा लिहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्वतः जीप घेऊन पंचवटीत गेलो, बाजारातून पंधरा किलो झेंडू आणला आणि गनर लोकांना टाचण्या देऊन एकेका रोपाला फुलं टोचायला बसवलं. काम इतकं सुबक झालं की मोठे साहेब थांबले, कौतुकाने वाकले आणि एक फूल हुंगायला गेले. ते टाचणीसकट त्यांच्या हातात आलं. तो हुकूम मोडायला हवा होता का? मला वाटतं, हो. निदान इतक्या हौसेने पाळायला तरी नको होता.

प्रत्येक राजीनामा मी आधी आमचे हेड क्लार्क सुभेदार नायर यांना दाखवायचो. नायर केरळचे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि अंगात भगवंताने गतजन्मीच भरून पाठवलेली शांतता. ते मजकूर वाचायचे, दोन-तीन स्वल्पविराम घालायचे आणि म्हणायचे, “बढ़िया है सर. कल सुबह दे दीजिए.” सकाळी राग उतरलेला असायचा. नायरांच्या या ‘कल सुबह’ने किती अधिकाऱ्यांच्या नोकऱ्या वाचवल्या, हे तेच जाणोत.

आता सहावा.

त्याआधी तोफेचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तोफ चालवणाऱ्याला आपलं लक्ष्य दिसत नाही. तोफा टेकडीमागे उभ्या असतात. लक्ष्य दिसतं ते कित्येक किलोमीटर पुढे बसलेल्या एका माणसाला. तो रेडिओवर सांगतो, मधले लोक गणित करतात, आणि तोफेवरचा माणूस ऐकलेल्या आकड्यावर तोफेचं तोंड फिरवून गोळा सोडतो. तो गोळा कुठे पडला हे त्याला आयुष्यात कधी दिसत नाही. म्हणजे आमचा सगळा धंदाच ऐकण्याचा. ‘पण का?’ असं विचारत बसलात तर लढाई दुपारी संपते आणि तुमचा पहिला गोळा संध्याकाळी जातो.

फक्त एक अपवाद. तोफेच्या आवारात काही धोक्याचं वाटलं तर कोणीही, म्हणजे अगदी स्वयंपाक्यानेही, ‘स्टॉप!’ म्हणून ओरडायचं. ओरडणारा कोण, त्याचा हुद्दा काय, हे बघायचं नाही. तोफ थांबते. कारण नंतर विचारायचं. हे रंगरुटाला पहिल्या दिवशी शिकवतात. लष्करात हुकूम थांबवायचा हा एवढाच सरकारी, दोन अक्षरी हक्क. पण शिकवणं वेगळं आणि वापरणं वेगळं. माझ्या बावीस वर्षांत मी ‘स्टॉप’ मोजून तीनदा ऐकला.

त्या हिवाळ्यात आमची रेजिमेंट माझ्याच जिल्ह्यातल्या एका माळावर सरावाला उतरली होती. मी मेजर होतो आणि त्या दिवशी सेफ्टी ऑफिसर. हा काही कायमचा हुद्दा नाही, त्या त्या दिवशी कोणाला तरी नेमतात. काम सोपं. सगळं सुरक्षित असल्याची खात्री करायची, हिरवं निशाण वर करायचं आणि ‘सेफ’ म्हणायचं. त्याशिवाय गोळा सुटत नाही.

दहा वाजता प्रात्यक्षिक होतं. वरून एक फार मोठे साहेब हेलिकॉप्टरने यायचे होते आणि अकराला परत जायचे होते. माळावर माणसं येऊ नयेत म्हणून आदल्या दिवशी आसपासच्या गावांत दवंडी झाली होती, लाल निशाणं लागली होती, आणि सकाळी पाच चौक्यांवर जवान बसवले होते. प्रत्येक चौकीने रेडिओवर ‘साफ’ असा निरोप द्यायचा. चार चौक्यांचा आला. एकीचा आला नाही, आणि नेमकी तीच चौकी गोळे पडतात त्या बाजूच्या नाल्यावरची. त्या नाल्यात बाया गवत कापायला उतरतात हे मला ठाऊक होतं. मी ह्याच जिल्ह्यातला. दवंडीने जित्राबाचं पोट भरत नाही.

मी कमांडिंग ऑफिसरांकडे गेलो. आम्ही त्यांना सी.ओ. साहेब म्हणायचो. माणूस हिमाचलचा, मवाळ, कधी आवाज न चढवणारा. माझी आई आजारी असताना न मागता त्यांनी मला रजा दिली होती. दिलीपला गोष्टीत एक खलनायक लागतो. माझ्यापाशी तो नाही.

“कल शाम को मैंने खुद जाकर देखा है,” ते म्हणाले. “नाला खाली है. रेडियो की बैटरी गई होगी.”

“सर, जीप पाठवतो. अर्धा-पाऊण तास लागेल.”

“उतना टाइम नहीं है.” त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “ऑर्डर मेरा, जिम्मेदारी मेरी. आप सेफ बोलेंगे.”

आणि बहुधा त्यांचं बरोबरही होतं. हीच तर पंचाईत. उघड बेकायदेशीर हुकूम असेल तर तो पाळायचा नाही हे आम्हाला शिकवलेलंच असतं. माणसं मारा असं कोणी म्हणालं तर नाही म्हणायला फार अक्कल लागत नाही. पण तसे हुकूम येतात कुठे? येतात ते असे. चांगल्या माणसाने घाईत दिलेले, बहुतेक खरे ठरणारे.

तेव्हा मी काय केलं? तंबूत गेलो आणि राजीनामा लिहायला बसलो.

हसू नका. मला खरंच वाटत होतं की मी काहीतरी थोर करतोय. संदेश लिहायच्या पॅडवर सुंदर अक्षरात लिहिलं, की माझा विवेक मला हा आदेश पाळू देत नाही, मी या गणवेशाचा मान राखून तो उतरवत आहे, वगैरे. खालची सही तर अशी केली की पुढे संग्रहालयात लागली तरी शोभावी. नायर शेजारच्या तंबूत टायपिंग करत होते. त्यांच्यापुढे कागद ठेवला.

त्यांनी वाचला. या वेळी स्वल्पविराम घातला नाही.

“सर, इसका नमूना अलग है. तीन कॉपी में जाता है.”

“मग?”

“दिल्ली से जवाब आते-आते छह महीना.” चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “फायर कितने बजे है?”

“दहा.”

“अभी नौ बावन हुआ है सर.”

मी कागदाची घडी करून खिशात घातली आणि तोफांकडे गेलो. नायरांनी ‘कल सुबह’ म्हटलं नाही, एवढं मात्र चालता चालता लक्षात आलं.

सहा तोफा ओळीत उभ्या होत्या. मोठे साहेब खुर्चीवर, कोणीतरी ध्वनिक्षेपकावर तोफखान्याचं महत्त्व सांगत होतं. दुसऱ्या तोफेचा प्रमुख हवालदार काशिनाथ. नांदगाव तालुक्यातला, माझ्याहून वयाने थोडा मोठा, सावळा, दणकट. आम्ही दोघं एका जिल्ह्याचे म्हणून कोणी जवळ नसलं की मराठीत बोलायचो. त्याची नायब सुभेदारपदाची कागदपत्रं त्याच महिन्यात वर जायची होती. वर्षभरात बढती नाही, तर घरी, असा त्याचा हिशेब होता. मोठी मुलगी नर्सिंगला होती.

तोफा भरल्या. सहाही प्रमुखांनी तयार म्हणून हात वर केले; सेफ मिळाल्यावर तो हात खाली आला की गोळा सुटतो. सी.ओ. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. खिशात राजीनामा होता, हातात निशाण होतं.

मी म्हणालो, “सेफ.”

हो. म्हणालो. तीन पानांच्या आत्मसन्मानापासून सुरू झालेली माझी सगळी कारकीर्द त्या क्षणी दोन अक्षरांत मावली. निशाण वर केलं, आणि तेही नियमाप्रमाणे, कोपर न वाकवता.

“स्टॉप!”

काशिनाथचा आवाज. त्याने दोन्ही हात डोक्यावर ताणले होते. सहाच्या सहा तोफा गप्पच राहिल्या. ध्वनिक्षेपकावरचा माणूस अर्ध्या वाक्यावर थांबला.

सी.ओ. साहेब धावले नाहीत, चालत आले. “क्या देखा?”

“कुछ नहीं साब.”

“धुआँ? आदमी? कुछ तो?”

“नहीं साब.” काशिनाथ सावधान स्थितीत समोर बघत होता. “सेफ्टी साब का मुँह देखा. सेफ बोलते टाइम साब हमेशा हमारी तरफ देखते हैं. आज नाले की तरफ देख रहे थे.”

मला आजही नक्की आठवत नाही मी कुठे बघत होतो. पण तो म्हणतो तर तसंच असणार.

जीप पाठवावी लागली. चाळीस मिनिटांनी निरोप आला. चौकीवरचा जवान ठणठणीत होता, चहा करून पीत होता. रेडिओची बॅटरी गेली होती. नाल्यात चुकार शेळीसुद्धा नव्हती. सी.ओ. साहेब म्हणाले होते अक्षरशः तसंच. तोवर मोठे साहेब अकराची वाट न बघताच हेलिकॉप्टरने निघून गेले होते.

इथे एक गोष्ट कबूल करतो. निरोप आला तेव्हा क्षणभर मला वाटलं, नाल्यात एखादी गवतवाली असायला हवी होती. म्हणजे काशिनाथ सुटला असता आणि मीही. एका बाईचा जीव धोक्यात असता तर बरं झालं असतं असं वाटणारा मी, आणि खिशात माझ्या विवेकाची सुवाच्य प्रत!

दुसऱ्या दिवशी चौकशी लागली. हवालदार काशिनाथने काहीही दिसलेलं नसताना, सेफ मिळालेलं असताना, वरिष्ठांसमोर फायर थांबवला. ‘स्टॉप’ म्हणणाऱ्याला शिक्षा नाही हा नियम खरा, पण धोका पाहून म्हणणाऱ्याला. तोंड पाहून म्हणणाऱ्याबद्दल नियमात काही नाही. त्याच्या कागदावर एवढी एक ओळ लाल शाईत आली असती की बढती संपली.

माझा जबाब तयारच आला. ‘मी सेफ दिले तेव्हा परिसर प्रत्यक्षात सुरक्षित होता. तोफेवर कोणताही धोका नव्हता.’ खाली सहीची जागा. शब्द न् शब्द खरा. मी इतका खरा कागद उभ्या आयुष्यात पाहिला नाही.

तो घेऊन मी नायरांकडे गेलो आणि खिशातली घडीही टेबलावर टाकली. “मी ह्याच्यावर सही करणार नाही. हेच देऊन टाकतो. आज सकाळच आहे.”

नायरांनी घडी उलगडून पुन्हा वाचली. बोटाने काहीतरी मोजत होते.

“सर, इसमें ‘मैं’ सत्रह बार है.” कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला. “काशिनाथ एक बार भी नहीं.”

नंतर ते टाइपरायटरकडे वळले, जणू मी गेलोच.

मी कोरा कागद घेतला. लिहिलं, की नाल्यावरच्या चौकीचा निरोप आलेला नव्हता. माझी खात्री झालेली नव्हती. तरीही मी सेफ दिले. हवालदार काशिनाथने थांबवले नसते तर खात्रीशिवाय फायर झाला असता, आणि तो दोष माझा. सी.ओ. साहेबांच्या हुकमाबद्दल मी लिहिलं नाही. हुकूम त्यांचा होता, पण ‘सेफ’ माझ्या तोंडून गेलं होतं. खात्री नसताना सेफ देणं हा सेफ्टी ऑफिसरचा मोठा गुन्हा. तो मी आपल्या हाताने, आपल्या नावावर लिहून दिला.

सी.ओ. साहेबांनी वाचला आणि पहिल्यांदा आवाज चढवला. “मैं बोला था जिम्मेदारी मेरी! तब मना करना था! तब मुँह में दही जमा था?”

“होय सर,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? जमलंच होतं.

कागद त्यांनी दोन दिवस ठेवून घेतला. फाडला असता तरी कोणाला कळलं नसतं. तिसऱ्या दिवशी नायरांनी मला फाइल उघडून दाखवली. माझ्या जबाबाखाली सी.ओ. साहेबांच्या बारीक अक्षरात एक ओळ होती: थांबण्याची विनंती झाली होती, ती मी नाकारली. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मी त्यांना दोष देत नाही. मी वेळेवर नाही म्हटलं असतं तर ती ओळ त्यांना लिहावी लागली नसती.

चौकशी बसायच्या आदल्या दुपारी मी काशिनाथला वडाखाली बसवून पढवलं. म्हटलं, “विचारतील, पुन्हा असंच करशील का? तू म्हणायचं, नाही साब, आधी सेफ्टी ऑफिसरला विचारीन. पाठ कर.”

“पाठ झालं साहेब.”

“म्हणून दाखव.”

त्याने म्हणून दाखवलं, अगदी शाळेतल्या कवितेसारखं. मग म्हणाला, “पन साहेब, इचारलं आन तुमी परत सेफच म्हनले, तर?”

“काशिनाथ, मुलीचं नर्सिंग पुरं करायचंय ना?”

“करायचं हाय.”

“मग एवढंच बोल.”

चौकशीला दुसऱ्या युनिटचे एक कर्नल बसले होते. मी साक्षीदार म्हणून आत होतो. अपेक्षेप्रमाणे प्रश्न आला. “आगे भी ऐसे मुँह देख के रोकोगे?”

काशिनाथने माझ्याकडे पाहिलं नाही. “पहले सेफ्टी साब से पूछूँगा साब.”

मी सुटकेचा श्वास सोडला. तो जरा लवकरच सोडला.

“और साब फिर भी सेफ बोले तो?” कर्नलांनी विचारलं.

“तो फिर मुँह देखूँगा साब.” पुढे त्याने कोणी न विचारता सांगितलं, “पच्चीस मीटर पे खड़े आदमी का मुँह ही तो दिखता है साब. निशाना तो हमको कभी दिखता नहीं.”

लिहून घेणारा क्लार्क थांबला. हे कसं लिहायचं, असं त्याने कर्नलांना विचारलं.

“जैसा बोला वैसा लिखो,” कर्नल म्हणाले.

निकाल महिन्याने आला. काशिनाथ निर्दोष. मला वरिष्ठांच्या नाराजीचं पत्र. असं पत्र फाइलला लागलं की माणूस पुढे कर्नल होत नाही, आणि मी झालो नाही. त्याचं मला वाईट वाटतं, अजूनही वाटतं. पण बायको म्हणते, नोकरीत एवढी वर्षं राहून एकच पत्र मिळालं, ह्याचंच तिला आश्चर्य आहे. सी.ओ. साहेबही पुढे त्याच हुद्द्यावरून निवृत्त झाले. त्या ओळीमुळेच का, मला माहीत नाही. कधी तरी हिमाचलला जाऊन विचारायचं होतं. गेलो नाही.

तर दिलीप, उत्तर असं आहे. राजीनामा द्यावा की नाही हा मोठ्या माणसांचा प्रश्न असेल. ते देत असतील तर त्यांचा मी मान राखतो. माझा अनुभव एवढाच की राजीनाम्याने माझे हात स्वच्छ राहिले असते, आणि गोळा दहा वाजताच सुटला असता. माझ्या जागी दुसरा कोणी निशाण घेऊन उभा राहिला असता, कदाचित अजिबात न चाचरता सेफ म्हणणारा. काशिनाथला त्याच्या तोंडावर काही दिसलंही नसतं.

निकालानंतर तीन महिन्यांनी मला पुन्हा सेफ्टी ऑफिसर नेमलं. साधा सराव होता, खुर्च्या नाहीत, हेलिकॉप्टर नाही. पाचही चौक्यांचा निरोप आला, तरी मी दोन चौक्यांवर स्वतः जाऊन आलो. तोफा भरल्या. मी दुसऱ्या तोफेकडे वळलो, काशिनाथच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणालो, “सेफ.”

त्याचा हात वरच राहिला. सासरा जावयाला बघतो तसा तो मला बघत होता. एक, दोन, तीन. ओळीतले बाकीचे प्रमुख चुळबुळायला लागले. क्षणभर मी स्वतःलाच विचारलं, खरंच पाहिल्यात ना रे सगळ्या चौक्या?

पाहिल्या होत्या. त्याने हात खाली केला.